ग्रुनफेल्डच्या आधीचा ‘ग्रुनफेल्ड’

१/ कलकत्ता, मे १८५५. पांढरी मोहरी स्कॉटिश बॅरिस्टर जॉन कॉक्रन यांची, काळी महेशचंद्र बंदोपाध्याय यांची. कॉक्रन यांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकवून डाव उघडला आणि अखेर तो जिंकला. इतिहासाच्या अभ्यासकाने हा डाव का वाचावा, यासाठी हा धागा.

२/ महेशचंद्र राजधानीचे नव्हते. १८५० मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ नियतकालिकात त्यांची ओळख छापली गेली, ती मोफसलातील, म्हणजे शहराबाहेरच्या खेड्यातील, एक नावाजलेला ब्राह्मण खेळाडू म्हणून. तेव्हाच्या देशी खेळात प्यादे सहसा एकेकच घर चाले. कॉक्रन यांच्याशी ते युरोपीय नियमांनी खेळले.

३/ या डावात त्यांनी पटाचा मध्य पांढऱ्याला घेऊ दिला, आपला उंट लांब कर्णावर बसवला, घोड्याची अदलाबदल केली आणि मग बाजूच्या प्याद्याने त्याच मध्यावर आघात केला. ६७ वर्षांनी, १९२२ मध्ये, व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच मांडणी रूढ केली. तिने अलेखाइन यांनाही हरवले. आज ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून ओळखली जाते.

४/ यात कोणी श्रेय चोरले, असे मला वाटत नाही. प्रश्न नोंदीचा आहे. महेशचंद्र आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांच्या चाली कोणीतरी लिहून ठेवल्या. ज्यांच्यासमोर तसा लेखनिक बसला नाही, असे मोफसलातील खेळाडू इतिहासातून पुसले गेले.

५/ आमचा भंडारा जिल्हाही मोफसलच. येथून साठ-पासष्ट किलोमीटरवरील नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २८ जुलै २०२५ रोजी बाटुमी येथे कोनेरू हंपी यांना नमवून महिला विश्वचषक जिंकला. तो प्रत्येक डाव जगाच्या संग्रहात गेला. परंतु तुमसर-साकोलीच्या एखाद्या शाळेच्या सभागृहातील डावाचे काय?

६/ दीर्घ वेळेच्या स्पर्धेत चाली लिहिणे नियमानेच बंधनकारक असते. म्हणजे कागद तयार होतोच. निकाल लागला की तो रद्दीत जातो. अभिलेखागाराच्या अभावाची तक्रार आपण वारंवार करतो आणि हाती आलेला अभिलेख स्वतःच टाकून देतो. माझ्या मते हा विरोधाभास अधिक गंभीर आहे.

७/ म्हणून विनंती : स्पर्धा खेळत वा भरवत असाल, तर स्कोअरशीटवर स्थळ, दिनांक आणि दोन्ही नावे सुवाच्य लिहा, तिचे छायाचित्र घ्या, मूळ प्रत जपा. साधन आज जपले, तरच उद्याचा संशोधक त्यावर इतिहास लिहील.