माझ्या पायाखाली काय होतं?

नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब मालवणला जाऊन आलो. सोबत पाण्यात चालणारा डिजिटल कॅमेरा होता, १५ मीटर खोलीपर्यंत टिकणारा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करताना लेकीने त्यावर धडाधड फोटो काढले. रात्री खोलीवर सगळे मिळून ते बघायला बसलो आणि हसणं हळूहळू थांबलं.

एका फोटोत मी आहे. तोंडात नळी, अंगठा वर, आणि दोन्ही पाय प्रवाळावर! पोहता येत नाही, मास्कमध्ये पाणी शिरलं, घाबरलो आणि मिळाला तो आधार घेतला. पुढच्या फोटोत बायकोभोवती माशांचा घोळका. मासे आपोआप आलेले नाहीत, सोबतच्या पोराने पाव कुस्करून टाकलाय. तिसऱ्यात होडीचा नांगर थेट खडकावर.

हा भाग सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली जाहीर झालेलं. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. वाघाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढला असता तर दुसऱ्या दिवशी पेपरात आलो असतो. इथे मला कुणी हटकलंसुद्धा नाही. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात हो. माझं वजन ८२ किलो.

कुणी म्हणेल, गरीब पोरांच्या पोटावर कशाला पाय देता? नाही देत. ती पोरं पाव टाकतात कारण होडीत बसायच्या आधी आपला पहिला प्रश्न असतो, "फोटो-व्हिडिओ पॅकेजमध्येच ना? मासे दिसतील ना नक्की?" राग आहे तो व्यवस्थेवर. याच अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हा त्यांना पर्यावरणाचे धडे दिले गेले. म्हणजे जाळं टाकणाऱ्याला कायदा आणि फोटो काढणाऱ्याला पाव!

अवघड काय आहे यात? नांगर टाकावाच लागू नये म्हणून कायमचे बोये बांधा. पोहता न येणाऱ्याला धरायला ट्यूब द्या. होडीत बसण्याआधी पाच मिनिटं मराठी-हिंदीत समजावून सांगा. पाव बंद. प्रवाळावर उभा राहील त्याला दंड, सुरुवात माझ्यापासून करा.

आणखी एक, लाज वाटते सांगायला. त्या संध्याकाळी मी कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवला, मिठाने रबर खराब होऊ नये म्हणून. सूचनापुस्तिका नीट वाचली होती मी. समुद्रात उतरताना काय करू नये, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तो अंगठेवाला फोटो खाली टाकतोय. लाइक नकोत. तुमच्या गॅलरीत असाच एखादा असेल तर कमेंटमध्ये टाका.