दिव्याखालचा अंधार



सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून आपण बगॅसचा काटेकोर हिशेब ठेवतो. बॉयलरमधली पाण्याची पातळी जरा हलली की झडप आपोआप सरकते. उसाचा थर कमी-जास्त झाला की कॅरियरचा वेग बदलतो. पण तिथून कार्यालयाच्या इमारतीत या. जेवणाच्या सुट्टीत खोल्या रिकाम्या, तरी पंखे गरगरताहेत, दिवे जळताहेत. एका खोलीत तर वातानुकूल यंत्र 18 अंशांवर, आणि साहेब शाल पांघरून बसलेले!

याचा दोष आम्ही शिपाईमामांवर टाकणार नाही. एका माणसानं शंभर बटणं किती वेळा बंद करायची? जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नाही, अशी ही गत. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की जी शिस्त बॉयलरला, तीच इमारतीला लावावी.

यात जादू काही नाही. खोलीत माणूस नसला की दिवा विझवणारा सेन्सर मिळतो. सभागृह पाचशेंचं आणि बैठक चाळीसांची असेल, तर पाचशे जणांपुरती बाहेरची गरम हवा ओढून थंड कशाला करायची? आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजून झडप लागेल तेवढीच उघडता येते. हवा फिरवणाऱ्या मोठ्या पंख्याचा वेग ड्राइव्ह लावून 80 टक्क्यांवर आणला, तर वीज जवळजवळ निम्मीच लागते. कारण वेग घटला की विजेची गरज त्याच्या घनाच्या प्रमाणात घटते. बॉयलरचे पंखे सांभाळणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. वातानुकूल यंत्र एक अंश वर ठेवलं तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. 2007 साली केंद्र सरकारनं मोठ्या जोडभाराच्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता काढली, तीही याच विचारानं.

कुणी म्हणेल, हा खर्च कशाला? शंका रास्त आहे. लहान इमारतीला संगणकाचं मोठं जाळं नकोच. आधी वेळेवर बंद होणारे टायमर आणि सेन्सर लावावेत. त्यातून काय वाचतं ते पाहून पुढचं पाऊल टाकावं.

मात्र यंत्र बसवलं म्हणजे काम संपलं, असं नाही. एका संस्थेच्या इमारतीत आम्ही सेन्सरवर कागद चिकटवलेला पाहिला. पॅनेलची कळ कायमची ‘हाताने’वर. एवढी महागडी यंत्रणा, पण नुसती शोभेला! यंत्राला मालक लागतो, तसा बैलाला लागतो.

म्हणून संचालक मंडळास आमची विनंती अशी: कार्यालयाला स्वतंत्र मीटर बसवावा, इन्स्ट्रुमेंट विभागातल्या एका माणसावर ही जबाबदारी नावानिशी सोपवावी, आणि दर महिन्याला किती युनिट जळाले ते याच अंकात छापावं. हंगामात वाचलेलं युनिट विकता येतं आणि बिगरहंगामात तेवढंच विकत घ्यावं लागत नाही. दोन्हीकडून पैसा सभासदाचाच. आपण गावोगावच्या दिव्यांना वीज पुरवतो, मग आपल्याच दिव्याखाली अंधार का असावा?