पेसादा म्हणजे नुसतं जड नव्हे

मैत्रिणींनो, मुलं परदेशी गेली की त्यांच्या आयांच्या कानांवरही नव्या भाषा पडू लागतात. सांगलीच्या एका भगिनींचं पत्र आलंय. मुलगा-सून स्पेनमध्ये वालेन्सियाला असतात. या तीन महिने तिकडे राहून आल्या. सात वर्षांची नात जेवायला बसली, की "आणखी एक पोळी घे गं, थोडं तूप घे" चालायचं. एकदा नात म्हणाली, "आबुएला, के पेसादा!" आबुएला म्हणजे आजी, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुसरा शब्द कोशात पाहिला, तर अर्थ 'जड'. "मी त्यांना ओझं झाले का हो?" असं त्या विचारतात. पुढच्या वर्षीचं तिकीट रद्द करावं, असंही मनात आहे.

ताई, तिकीट मुळीच रद्द करू नका! पेसादा म्हणजे जड हे खरं, पण ते सामानाच्या पेटीला. माणसाला म्हटलं, की अर्थ होतो पिच्छा पुरवणारी, तेच तेच बोलून डोकं खाणारी. तुमची नात एवढंच म्हणाली, "काय गं आजी, किती मागे लागतेस!" आपल्याकडची नातवंडं तरी दुसरं काय म्हणतात? शब्द शिवी नव्हे, घरात सर्रास चालतो. मात्र परक्या, वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर म्हणू नये. आणि एक सांगू? पोळीचा आग्रह एकदाच करावा. पोर उपाशी राहत नाही.

आता शब्दच नीट शिकून घेऊ. पुरुषाला आणि पुल्लिंगी वस्तूला पेसादो, स्त्रीलिंगीला पेसादा. आपलं चांगला-चांगली तसंच. विशेषण बहुधा नामाच्या मागून येतं : 'मालेता पेसादा', जड बॅग. मधला द अगदी हलका उच्चारायचा. बोलण्यात पुष्कळजण तो गिळूनच टाकतात, मग ऐकू येतं 'पेसाओ'. तसं ऐकलंत तर वेगळा शब्द समजू नका.

क्रियापदाकडेही लक्ष हवं. 'एस पेसादा' म्हणजे ती स्वभावानंच कटकटी. 'एस्ता पेसादा' म्हणजे आज तिनं भुणभुण लावलीय. 'नो सेआस पेसादा' म्हणजे "नको ना मागे लागूस."

स्वयंपाकघरात तर हा शब्द आपल्याच घरचा वाटेल. 'कोमीदा पेसादा' म्हणजे पचायला जड जेवण. रात्रीचं जेवण बाधलं तर म्हणायचं, "ला सेना मे कायो पेसादा." कोंदट, उकाड्याची हवाही पेसादो, कष्टाचं कामही पेसादो. आपण गाढ झोप म्हणतो, ते जड झोप म्हणतात : 'सुएन्यो पेसादो'. अंगाशी येणारी थट्टा ती 'ब्रोमा पेसादा'. पण मुसळधार पावसाला पेसादो लावू नका हं. तिथं 'फुएर्ते', म्हणजे जोरदार, हा शब्द चालतो.

या शब्दाचं गोतही मोठं आहे. 'पेसो' म्हणजे वजन. मेक्सिको, अर्जेंटिना, चिली, फिलिपिन्स या देशांच्या नाण्याचं नाव तेच. आपल्या पैशाशी नातं जोडायचा मोह होतो, पण नाव वजनावरूनच पडलंय. 'पेसादिया' म्हणजे दुःस्वप्न, छातीवर काहीतरी बसल्यासारखं वाटणारं. आणि 'पेसार' म्हणजे वजन असणं, तसंच मनाला सल असणं.

त्यावरूनच आलेला 'पेसामे' हा शब्द मात्र लक्षात ठेवाच. शब्दशः अर्थ "माझ्या मनावर भार आहे". व्याह्यांकडे कुणी गेलं, तर सांत्वनाला जाऊन 'पेसामे' देतात. त्या वेळी लांबलचक बोलायचं नसतं. हात हातात घ्यावा आणि हळूच म्हणावं, "मी मास सेन्तीदो पेसामे."