पाहुण्याने जावे कोठे?

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाख. २०२४ साली या एवढ्याशा प्रदेशात येऊन गेलेल्या पर्यटकांची सरकारी नोंद एक कोटीच्या घरात जाते. हा आकडा सरकारला अभिमानाचा वाटतो आणि तो तसा वाटण्यात गैरही काही नाही. हजारो गोमंतकीय कुटुंबांची चूल त्यावर पेटते. परंतु आलेल्या पाहुण्याने काय पाहावे, काय खावे, कोठे राहावे याचा जेवढा विचार आपल्याकडे झाला आहे, त्याच्या शतांशानेही त्याच्या देहधर्माचा विचार झालेला दिसत नाही. माणूस नुसते डोळे घेऊन प्रवासाला निघत नाही; त्याचे शरीरही त्याच्याबरोबर येते.

विषय सोवळ्यातला नाही, हे आम्ही जाणतो. अग्रलेखाच्या जागी शौचालयांची चर्चा वाचून काही वाचक नाक मुरडतील. त्यांनी एकदा पणजी शहर पायी हिंडून पाहावे. मांडवीकाठचा आदिलशहाचा जुना राजवाडा, शेजारचा आबे फारियाचा पुतळा, तेथून चर्चच्या त्या सुप्रसिद्ध पायऱ्या, आल्तिनोची टेकडी, ती उतरून मळ्यातला मारुती आणि फोंतेन्हासमधली रंगीत घरे, मग पुन्हा आझाद मैदान, कांपाल, कला अकादमी आणि शेवटी मिरामार. चालणाऱ्याला हा सहज तीन-चार तासांचा फेरा होतो. या वाटेवर सार्वजनिक शौचालये मुळीच नाहीत असे नाही. बाजारात आहेत, कदंब बसस्थानकावर आहे, मिरामारला आहे. पण ती ज्याला ठाऊक आहेत त्याच्यासाठी आहेत! कॅसिनोची वाट दाखवणारे फलक परक्या माणसालाही शोधावे लागत नाहीत. शौचालयाची वाट मात्र त्याला रस्त्यावरच्या कोणाला तरी, आवाज खाली आणून, विचारावी लागते.

ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याची अडचण होत नाही. तो समोरच्या हॉटेलात शिरतो, नको असलेली कॉफी मागवतो आणि मोकळा होतो. पुरुषाची अडचण त्याहून कमी, कारण या देशातली प्रत्येक भिंत त्याने आपली मानली आहे. फोंतेन्हासच्या रहिवाशांनी आपल्या दारांवर छायाचित्रे काढू नका अशा पाट्या लावल्या, याचे बाहेरच्यांना नवल वाटले. त्या पाट्यांमागचा वैताग ज्यांच्या घराला लागून अशी एखादी अंधारी गल्ली असेल, त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

खरा प्रश्न आहे तो बेळगाव, हुबळी, कोल्हापूरहून पहाटे निघणाऱ्या बसमधल्या बायकांचा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, जुने गोवे, पणजी, मिरामार आणि रात्री परत, असा त्यांचा कार्यक्रम असतो. हॉटेलात खोली घेणारे हे प्रवासी नव्हेत. डबे घरून आणलेले असतात. या बायका यावर जो उपाय करतात तो सर्वांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या पाणी पीत नाहीत. गोव्याच्या उन्हात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या घशाला कोरड पडू देतात. कमी पाणी पिणे आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवणे यांतून मूत्रमार्गाचे विकार होतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. मधुमेही वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना तर हा उपायही उपलब्ध नाही. आपल्या घरच्या स्त्रिया पंढरपूर-कोल्हापूरला जातात तेव्हा त्या तरी दुसरे काय करतात? आणि पर्यटक संध्याकाळी निघून जातो. अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या मुली, फुटपाथवर भाजी घेऊन बसणारी बाई, टपरीपाशी गिऱ्हाइकाची वाट पाहणारा मोटरसायकल पायलट यांचा हाच प्रश्न वर्षाचे बारा महिने असतो.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये, पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या याचिकेवर निर्णय देताना, स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे पुरवणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरवले आणि त्याचा संबंध घटनेच्या २१ व्या कलमाशी, म्हणजे प्रतिष्ठेने जगण्याच्या हक्काशी जोडला. आदेश महाराष्ट्रातील महापालिकांना होते. पण न्यायालय आपलेही तेच आहे, आणि घटना तर सर्वांची एकच. आपल्या सरकारने २०१९ साली पर्यटनस्थळी उघड्यावर मद्यपान करणाऱ्या आणि स्वयंपाक मांडणाऱ्यांसाठी एकट्याला दोन हजार व जमावाला दहा हजार रुपये दंडाची तरतूद केली. त्या शिस्तीला आमचा पाठिंबाच आहे. मात्र उघड्यावर घाण करणाऱ्याला दंड करण्याआधी, त्याने जायचे कोठे, हे त्याला दाखवता आले पाहिजे. तेवढे केल्याशिवाय वसूल केलेला दंड दंड नव्हे, जकात आहे.

शहरे घाणीने मरतात याचा दाखला शोधायला गोमंतकीयाला दूर जावे लागत नाही. ज्या जुन्या गोव्याचे वैभव पाहायला जग येते, ते शहर पटकी-हिवतापाच्या साथींनी ओस पडले. दूषित विहिरी आणि निचऱ्याची हेळसांड यांचा त्यात मोठा वाटा होता. १८४३ साली राजधानीचा मान रीतसर पणजीकडे आला, तो त्या पडझडीनंतर.

मग अडते कोठे? पैशांवर अडते असे आम्हाला वाटत नाही. १९०१ सालच्या कलकत्ता काँग्रेसला गांधीजी गेले, तेव्हा तेथल्या संडासांची अवस्था त्यांनी स्वयंसेवकांच्या नजरेस आणली. ते आमचे काम नव्हे, भंग्याचे आहे, असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागून घेतला. आपल्या शेजारच्या कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले, ते नाकारले गेले म्हणून १९३२ साली उपोषण आरंभले आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत संडासांचे प्रयोग करण्यात आयुष्य वेचले. स्वातंत्र्याच्या चळवळीने ज्यांना आदर्श मानले ती माणसे हे काम प्रतिष्ठेचे समजत होती. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि ते काम मात्र पुन्हा ज्याचे त्याच्याकडे सोपवले. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा कायद्याने बंद झाली. हे आपले काम नव्हे, ही वृत्ती बंद करणारा कायदा कोणाला करता आलेला नाही.

त्या वृत्तीचे फळ कोणत्याही शहरातल्या सार्वजनिक शौचालयात पाहायला मिळते. इमारत बांधण्याची निविदा निघते, फीत कापली जाते, कोनशिला बसते. पुढे नळ तुटतो, दिवा जातो, कडी निघते आणि एक दिवस दाराला कुलूप दिसते. बांधकामात ज्यांना रस असतो त्यांना देखभालीत तो उरत नाही, याची कारणे सुज्ञांना सांगायला नकोत. आपल्याकडे गावाला राखणदार देव असतो. या खोल्यांना हाडामांसाचा राखणदार हवा, त्याला दरमहा वेळेवर पगार हवा, हातमोजे आणि साबण हवा, आणि रात्री दहापर्यंत पाळी बदलून दुसरा माणूस हवा. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईने मात्र दर वेळी पैसे मोजावे, हा ठिकठिकाणी चालणारा अन्यायही थांबला पाहिजे.

नव्या इमारतींना पणजीत जागा नाही, असे सांगितले जाईल. त्यात तथ्य आहे. पण दक्षिण दिल्ली महापालिकेने २०१७ साली हॉटेले व उपाहारगृहे यांची शौचालये, हवे तर पाच रुपयांपर्यंत आकार घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांना खुली करण्याचा नियम केला. जर्मनीतल्या अनेक गावांत दुकानदार आपली शौचालये लोकांना उघडी ठेवतात आणि नगरपालिका त्यांना त्याचा मोबदला देते. दारावर तशी खूण चिकटवलेली असते. आम्हाला दुसरी रीत अधिक न्याय्य वाटते. एकच खोली असलेल्या चहावाल्यावर हा भार टाकणे बरे नव्हे, परंतु मोठ्या हॉटेलांना कुरकूर करण्याचे कारण नाही. मांडवीत तरंगणाऱ्या कॅसिनोंकडून सरकार दरवर्षी कोट्यवधी रुपये परवाना शुल्क घेते; त्यातला लहानसा हिस्सा नदीच्या काठावर खर्च झाला तर कोणाचा डाव बिघडणार नाही.

हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. २०२४ च्या नोव्हेंबरपासून दीड महिना जुन्या गोव्यात शवप्रदर्शनाचा सोहळा चालला, तेव्हा लाखो भाविकांसाठी तात्पुरती शौचालये उभी राहिली. दीड महिन्याची व्यवस्था ज्या यंत्रणेला करता येते तिला बारा महिन्यांची का करता येऊ नये, याचे उत्तर पर्यटन खाते आणि पणजी महापालिका यांनी द्यावयाचे आहे. महापालिकेच्या पुढल्या अंदाजपत्रकात शौचालयांच्या बांधकामाच्या रकमेशेजारी ती राखणाऱ्या माणसांच्या पगाराची रक्कम किती मांडली जाते, ते आम्ही पाहणार आहोत.