सायकल अंगाबरहुकूम हवी

घरात नातवासाठी म्हणून विजेची माउंटन सायकल येते आणि काही महिन्यांतच तिच्यावर आजोबांचा हक्क प्रस्थापित होतो, असे आता आपल्याकडेही घडू लागले आहे. गुडघे कुरकुरत असले तरी मोटारीचे साहाय्य मिळाल्याने चढ सुसह्य होतो आणि भाजी आणण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. ‘बाबा, आता सायकल पुरे,’ हे मुलांचे म्हणणे काळजीपोटीच असते. परंतु घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य गमावणे हाही आरोग्याचा तोटाच आहे. १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या अमरावतीत उभे राहिले, तिथे हे वेगळे सांगायला नको. म्हणून सायकल बंद करण्याआधी ती ज्येष्ठांच्या शरीराला आणि वऱ्हाडच्या रस्त्यांना साजेशी करून घेता येईल का, याचा विचार करावा.

सुरुवात ब्रेकपासून करावी. अशा सायकलीचे वजन साधारणतः २० ते २५ किलो असते आणि ती सहज वेग घेते. संधिवाताने बोटांची पकड क्षीण झाली असेल, तर तारेच्या ब्रेकऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक बसवावेत. त्यांना बोटांचा जोर कमी लागतो. मात्र एक गोष्ट कटाक्षाने पाहावी. बहुतेक विद्युत सायकलींत ब्रेक दाबताच मोटार बंद करणारी एक तार असते. नवे ब्रेक बसवताना ती जोडायची राहून गेली, तर एकीकडे ब्रेक आणि दुसरीकडे मोटार अशी ओढाताण होते. दुकानातून निघण्यापूर्वी चाक उचलून याची खात्री करून घ्यावी.

त्यानंतर टायर. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला हे खरे, परंतु भरधाव वाहनांच्या त्या मार्गावर ज्येष्ठांनी सायकल नेऊ नये. आपली वाट वस्तीतली आणि शेताकडची. आणि तिथे बाभळीचा काटा व काळी माती या दोहोंशी गाठ असते. माउंटन सायकलीचे खोल खाचांचे टायर डांबरावर घरघरतात व बॅटरी अधिक खातात. मध्यभागी सपाट आणि कडांना खाचा असलेला, सुमारे दोन इंच रुंदीचा टायर दोन्ही ठिकाणी चालतो. काट्यांसाठी टायर व ट्यूब यांच्यामध्ये संरक्षक पट्टी घालावी किंवा ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारे द्रावण भरावे. मे महिन्यात सकाळी अकरा वाजता पंक्चर झालेली २५ किलोंची सायकल ढकलत आणणे ही ज्येष्ठांसाठी केवळ गैरसोय नव्हे, तो उष्माघाताचा धोका आहे. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये घट्ट बसते; म्हणून टायर आणि मडगार्ड यांत पुरेशी फट ठेवावी. हवेच्या दाबाची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते; त्या मर्यादेतच, किंचित कमी दाब ठेवल्यास पाठीला हादरे कमी बसतात.

बैठकीचा पेच थोडा वेगळा आहे. सीट फार खाली असेल तर गुडघ्यांवर ताण येतो. उंच असेल तर थांबताना पाय टेकत नाहीत आणि तोल जातो. खटका दाबताच सीट खाली आणणारा दांडा यावर उत्तम उपाय आहे. हँडल थोडे उंच करून घेतल्यास मान व मनगटे यांना आराम मिळतो. आरसा, घंटी आणि मागचा लाल दिवा ही चैन नव्हे, गरज आहे.

बॅटरीला आपला नवतपा मानवत नाही. लिथियम बॅटरी ४५ अंशांपेक्षा अधिक उष्णतेत चार्ज करू नये, हा सर्वसाधारण नियम आहे. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ती मर्यादा सहज ओलांडली जाते. फेरीवरून आल्यावर बॅटरी निवू द्यावी, कंपनीच्याच चार्जरने घरातील कोणी जागे असताना चार्ज करावी आणि ती दारातील वाटेवर ठेवू नये.

वेग वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. मोटारीची शक्ती २५० वॅटपर्यंत आणि तिचे साहाय्य ताशी २५ किलोमीटरला थांबणारे, अशा सायकलीलाच कायदा मोटार वाहनांतून वगळतो. ही मर्यादा काढून टाकल्यास नोंदणी, परवाना आणि विमा हे सारे प्रश्न उभे राहतात. शिवाय त्या वेगात पडल्यावर ठिसूळ झालेले हाड कायद्याकडे पाहत नाही.

यंत्राइतकीच शरीराचीही तपासणी हवी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, रक्तदाबाच्या गोळीने उठताना भोवळ येत असेल, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. चालवताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढाच श्रम योग्य. छातीत दाटले की तत्काळ थांबावे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. सकाळच्या अर्ध्या तासाच्या पाच फेऱ्यांनी तो पूर्ण होतो.

घरच्यांनी एक चाचणी मोकळ्या मैदानावर अवश्य घ्यावी. आधाराविना चढणे-उतरणे, दोन्ही बाजूंना वळणे, मान वळवून मागे पाहणे आणि ‘थांबा’ म्हणताच सरळ रेषेत थांबणे, हे चारही जमले तर निश्चिंतपणे सायकल द्यावी. एखादे जमत नसेल, तर तीनचाकी सायकलीचा पर्याय आहे. दर सहा महिन्यांनी ही चाचणी पुन्हा घ्यावी. सायकलीचे सुटे भाग बदलता येतात, शरीराशी मात्र जुळवूनच घ्यावे लागते.