रॉसवरचा बंगला आणि आपले फोटो

मंडळी, दिवाळीच्या सुट्या संपल्या की आपल्या ग्रुपवर अंदमानच्या फोटोंची रांग लागते. आधी सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, "अंगावर काटा आला." मग रॉस बेट. चीफ कमिशनरच्या बंगल्याच्या पडक्या भिंती, त्यांना आवळून बसलेली झाडांची मुळं, समोर हरणं, आणि खाली ओळ: "काय थाटात राहायचे हो इंग्रज!"

थाट कोणाच्या जिवावर, हे कोणी लिहीत नाही. 1858 मध्ये डॉ. वॉकर सुमारे 200 कैदी घेऊन अंदमानात उतरला. बेटावरचं रान तोडलं ते बेड्या घातलेल्या कैद्यांनी. त्याच वर्षी पळून जाऊन सापडलेल्या ऐंशीहून जास्त जणांना वॉकरने एका दिवसात फाशी दिली. साहेबांचा नाचाचा हॉल, चर्च, बेकरी, टेनिस कोर्ट हे सगळं त्यानंतरचं. सेल्युलर जेल तर 1906 साली पूर्ण झालं, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं काळं पाणी त्याच्याविनाच चाललं होतं. आपण मात्र अंदमानचा इतिहास 1911 ला, तात्याराव तिथे पोचले तेव्हापासून, सुरू करतो. त्यांच्याआधी गेलेले बाबारावसुद्धा कितीदा विसरले जातात!

आणि हे आपण इंदूरवाल्यांनी करावं? आपल्या रेसिडेन्सी कोठीसमोरून जाताना 1 जुलै 1857 चा सादत खानांचा हल्ला आपण पोरांना सांगतो ना? मग त्याच बंडातल्या लोकांना जिथे नेऊन टाकलं, तिथे गेल्यावर एकदम साहेबाचं कौतुक कसं सुचतं?

कोणी म्हणेल, 1943 च्या डिसेंबरात नेताजी त्या बंगल्यात राहिले, 2018 मध्ये बेटालाही त्यांचं नाव दिलं, आता काय राहिलं? चांगलंच झालं. पण नेताजींच्या नावामागे त्या रान तोडणाऱ्यांची नावं लपवता येत नाहीत. जेलमध्ये कैद्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. तशा त्या बंगल्याच्या दारात का नकोत? पर्यटन खात्याला हे पत्र लिहायला आपल्या मंडळाला कोणी अडवलंय?

माझाही तिथला फोटो आहे, भिंतीला टेकून, काळा चष्मा लावून. खाली मी लिहिलं होतं, "रॉयल फीलिंग." काल काढून टाकलं.