पंडुरोग, लोह आणि पेशीपटल

पूर्व विदर्भात, साकोली-लाखांदुराकडे एखादे पोर फिकट दिसू लागले, सांधे ठणकतात म्हणून रात्रभर रडू लागले, की 'याच्या अंगात रक्त नाही, लोहाच्या गोळ्या चालू करा' हा सल्ला वडीलधाऱ्यांच्या तोंडी तयारच असतो. आणि रक्त कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण इतके स्वयंसिद्ध मानले जाते की त्याचा दाखला मागणे हाच उद्धटपणा ठरतो. आमचे म्हणणे असे की, ज्या मुलखातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांविषयी शुक्ल व सोळंकी यांनी 1958 सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, त्या मुलखात हे समीकरण नुसते निराधार नव्हे, अपायकारक आहे.

तांबडी पेशी एरवी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ती 10 ते 20 दिवसांतच फुटते, आणि तिच्या नाशात सदोष हिमोग्लोबिनातून सुटून पेशीपटलाला चिकटलेल्या लोहाचाही हात असतो. हे उमगण्यास जवसाच्या तेलाची बाटली पुरे. बांधीतल्या उभ्या धानात फेकून पिकवलेल्या जवसाचे तेल काही महिने राहिले, की बुचाभोवती चिकट, पुढे कातड्यासारखी साय धरते. तेलातील मेदाम्लांच्या द्विबंधांपाशी ऑक्सिजन जडल्याचा तो परिणाम. पेशीपटलही अशाच द्विबंधयुक्त मेदांच्या दोन थरांचे. दोन द्विबंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन हिरावला गेला, की तेथे ऑक्सिजन बसतो, मग तो रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा; आणि लोह बनलेली पेरॉक्साइडे फोडून ही साखळी पुन्हा चेतवते. पाण्यापासून दूर राहणारी मेदाची शेपटी ऑक्सिजन जडताच पाण्याकडे वळते, थर विसकटून झिरपू लागतो. तुटलेल्या शेपट्यांतून निघालेले मॅलोनडायअल्डिहाइड प्रथिनांना जखडून पटल ताठर करते. आतल्या थरातले फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेद बाहेर येते आणि त्या खुणेवर भक्षकपेशी त्या तांबड्या पेशीला गिळतात.

मग ऑक्सिडीभवन रोखणारी जीवनसत्त्वे द्यावीत, असे कोणी म्हणेल. ब्राझीलमध्ये झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्वे घेणाऱ्या रुग्णांत पेशी फुटल्याच्या खुणा उलट वाढल्या. तेव्हा तोही पक्ष टिकत नाही.

लोहाशी आमचे वैर नाही. वाहकाला, गर्भवतीला त्याची खरीखुरी उणीव असू शकते. परंतु ज्या सिकलसेलच्या रुग्णाला वरचेवर रक्त चढवावे लागते, त्याच्या देहात दर पिशवीबरोबर सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शिरते, आणि ते बाहेर टाकण्याची वेगळी वाट देहाला नाही. म्हणून आईबापांना विनंती, की आधी सिकलसेलची तपासणी आणि देहातील लोहसाठा दाखवणाऱ्या फेरिटिनचे मापन करून घ्यावे. आणि डॉक्टरांनी नुसते फॉलिक आम्ल लिहून दिले असेल, तर हाती आलेल्या गोळीत लोह मिसळलेले नाही ना, हे वेष्टनावर वाचून घ्यावे.